उसना गेलेला रंधा

आमच्या मागच्या दाराला साधारण दोन मिलिमीटर लाकूड जास्त झालं होतं. यंदा सप्टेंबर संपला तरी पाऊस हटेना, दार फुगलं, आणि ते उघडायला खांदा लावावा लागू लागला. माझ्या खांद्याचं सोडा, पण सासरेबुवा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, चालताना चाकांची चौकट ढकलत चालतात, आणि त्यांची उन्हात बसायची खुर्ची नेमकी त्या दारापलीकडे आहे. आता दोन मिलिमीटर लाकूड काढणं म्हणजे काम ते केवढं? मी बत्तीस वर्षं अ‍ॅडलेडच्या पाणीपुरवठा खात्यात फायली हलवल्या आहेत. त्यापुढे दाराची काय कथा, असं मला वाटलं.

मी मोठ्या दुकानात जाऊन एक रंधा घेऊन आलो. निळ्या रंगाचा होता, पुठ्ठ्याच्या सुंदर खोक्यात होता आणि खोक्यावरचा माणूस तो वापरताना हसत होता. दार बिजागऱ्यांवरून उतरवून मी पहिला हात मारला, तर रंध्याने लाकडाचा बोटभर लचका तोडला. दुसऱ्या हाताला त्याने काहीच तोडलं नाही. तिसऱ्या हाताला रंध्याची मूठ माझ्या हातात राहिली आणि उरलेला रंधा दारावरून घसरत जाऊन मर्लच्या कुंडीत पडला. मर्ल माझी बायको. कुंडी तिच्या आईची होती.

सासरेबुवा हे सगळं चाकांच्या चौकटीवर हनुवटी टेकून बघत होते. हा माणूस पन्नास वर्षं सुतारकाम करून निवृत्त झालेला. त्यांना फार बोलायला आवडतं असं नाही, मी चुकत असताना बोलायला आवडतं. माझ्या हत्यारांच्या पेटीला ते 'दवाखाना' म्हणतात. तिच्यातल्या हातोडीचं डोकं एकदा दांड्यातून सुटून शेजारच्या मनोलिसच्या लिंबाच्या झाडात गेलं होतं, ते अजून सापडलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

"लायनेल," ते म्हणाले, "तुझ्या एका तरी हत्याराने स्वतःचा वाढदिवस बघितलाय का?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी महागातलं घेईन. त्यावर त्यांनी मला हत्यार कसं निवडावं याचं व्याख्यान दिलं. किंमत बघायची नाही, वजन बघायचं. तळ उजेडासमोर धरून सरळ आहे का ते बघायचं. पातं बोटाने नव्हे, अंगठ्याच्या नखावर लावून बघायचं. जुनं मिळत असेल तर नवं घ्यायचंच नाही, कारण जुनं जे टिकलंय ते टिकण्यासारखं होतं म्हणूनच टिकलंय. आणि रोज काम झाल्यावर पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायचं. "आणि उसनं द्यायचं नाही," असं म्हणून ते एकदम थांबले. खुर्चीकडे बघत राहिले. मर्लने मला डोळ्यांनी खूण केली की आता पुढे काही विचारू नकोस. मी अर्थातच विचारलं.

सासरेबुवांचा स्वतःचा एक रंधा होता. हातभर लांब, तळ बिडाचा, मूठ गुलाबाच्या लाकडाची, आणि मुठीवर तापवलेल्या खिळ्याने कोरलेली 'सी. एच.' ही अक्षरं. सी. एच. म्हणजे क्लॅरी हॉकिंग, म्हणजे तेच. १९७४ साली त्यांच्या जिवलग मित्राने, आल्बी रंडलने, मेंढ्यांची लोकर निवडायचं टेबल बनवायला तो शनिवार-रविवारपुरता उसना नेला. त्यानंतर शनिवार-रविवार पुष्कळ आले.

मग मागितला का नाहीत, असं मी विचारल्यावर बापलेकींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवळात शिट्टी वाजवली. मी पिंडारा गावात येऊन बाराच वर्षं झाली आहेत, त्यामुळे मला अजून कळत नाही. पिंडारात दिलेली वस्तू मागत नाहीत. सुचवतात. सासरेबुवांनी एकोणपन्नास वर्षं सुचवलं. दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला दोघे शेजारी शेजारी बसायचे आणि सासरेबुवा म्हणायचे, "आमचं कपाट जरा घासतंय." आल्बी म्हणायचा, "पावसात होतं तसं." झालं, विषय संपला. आल्बी मर्लच्या बारशाला धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, सासूबाईंच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता, पण रंध्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

तेवढ्यात आल्बीचं शेत विकलं गेलं. त्याची मुलगी नोरीन त्याला दवाखान्यामागच्या म्हाताऱ्यांच्या घरकुलात आणणार होती, आणि शेतावरच्या चीजवस्तूंचा लिलाव ठरला. लिलावाची छापील यादी टपालाने आली. सासरेबुवांनी भिंग लावून ती चार पानं वाचली आणि त्रेसष्टाव्या क्रमांकावर बोट ठेवलं: 'जुना लांब रंधा, सुस्थितीत, व इतर किरकोळ.' त्या दिवशी त्यांनी ताटातल्या मटणाला हात लावला नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या जिभेचा मार खाल्लेला मी, पण ते न जेवलेलं ताट मला बघवेना.

"तो रंधा घरी यायला हवा," मर्ल मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "बाबांच्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्याच्या गाडीत गेला तर ते पुन्हा शनिवारी मैदानावर जायचे नाहीत."

मी आल्बीला सरळ फोन करतो म्हटलं. तिने फोनच उचलून आत नेला.

लिलावाला जायचं ठरल्याची बातमी गावात आमच्या आधी पोचली. टपाल कचेरीतल्या थेल्माने सल्ला दिला की सकाळी लवकर जाऊन रंधा एखाद्या तुटक्या खोक्याखाली लपवून ठेव, म्हणजे कुणाला दिसणार नाही. खाटकाने सांगितलं की उशिरा जा, घाई दिसली की भाव चढतो. मासळीचं दुकान चालवणारा मनोलिस या बाबतीत सगळ्यात अनुभवी. त्याने मला कुंपणावरून तीन नियम सांगितले. हव्या त्या वस्तूकडे बघायचं नाही, शेजारच्या भंगाराकडे बघायचं. चेहरा पडलेला ठेवायचा. आणि आपल्याविरुद्ध कोण बोली लावतोय हे बघायला मागे वळायचं नाही, कारण वळला तो घाबरला. मी तिन्ही नियम चिठ्ठीवर लिहून घेतले. खात्यातली सवय.

लिलावाच्या दिवशी फाटकापाशीच माझी पहिली अडवणूक झाली. बाहेरचे रोग शेतात येऊ नयेत म्हणून बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे होते. ते मी बुडवले. मग फॉर्म: गेल्या सात दिवसांत मेंढ्यांशी संपर्क आला आहे का? मी विचारलं, ताटातल्या धरायच्या का. तिथल्या मुलीने खूण करायच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. मग बोली लावणाऱ्याचा क्रमांक, त्यासाठी ओळखपत्र, आणि ओळखपत्रावर अजून अ‍ॅडलेडचा पत्ता. बारा वर्षांत तो बदलायचा राहिला होता. मुलीने मोठ्याने विचारलं की इथलं कुणी या गृहस्थांना ओळखतं का. रांगेत मी ओळखत असलेली निदान वीस माणसं होती. सगळी आभाळाकडे बघू लागली. शेवटी सासरेबुवा म्हणाले, "असू दे, माझ्या मुलीने सोबत आणलाय," तेव्हा मला क्रमांक मिळाला.

कुरणात सगळ्या वस्तू रांगांनी मांडल्या होत्या. लोक रांगेतून हिंडत होते, पावात गुंडाळलेले सॉसेज खात होते आणि मृत माणसाबद्दल बोलावं तसं आल्बीबद्दल चांगलं बोलत होते. आल्बी तिथेच छपराखाली खुर्चीवर बसून ते ऐकत होता. लोकरीच्या गाठींवर मालकाची अक्षरं उमटवायचा पत्र्याचा छापा असतो ना, तो आल्बीच्या हाताला जरा जास्तच बसला होता. कुदळीवर 'ए. आर.', बादल्यांवर 'ए. आर.', शिडीवर, खुर्चीच्या पाठीवर, कुत्र्याच्या जेवणाच्या ताटलीवर 'ए. आर.'. कुत्र्यावर नव्हतं, पण ते बहुधा स्थिर उभं राहिलं नसावं.

त्रेसष्ट नंबरचा रंधा एका पाटावर होता. मी नियमाप्रमाणे त्याच्याकडे बघितलं नाही. शेजारी बासष्ट नंबर होता: पाय असलेली एक लोखंडी आंघोळीची टाकी, जिच्यातून मेंढ्या पाणी प्यायच्या, आणि कसल्यातरी नटबोल्टांनी भरलेले चाळीस रॉकेलचे डबे. मी त्यांच्याकडे अत्यंत पडलेल्या चेहऱ्याने बघत राहिलो.

लिलाव पुकारणारा फर्गस गाडीच्या हौद्यात उभा राहून पुकारत होता. बासष्ट नंबरला कुणी बोली लावेना. तेव्हा फर्गस म्हणाला, इथे एक गृहस्थ मघापासून या टाकीकडे बघताहेत, पण त्यांची छाती होत नाहीये. तेव्हा बासष्ट आणि त्रेसष्ट एकत्र, आणि घेईल त्याने रविवारच्या चारपर्यंत सगळं उचलून न्यायचं. मनोलिसच्या पहिल्या नियमाचं फळ मला असं जागेवरच मिळालं.

बोली सुरू झाली. शहरातून आलेला, जुनी हत्यारं भिंतीवर टांगणारा एक उंच माणूस माझ्या मागेच उभा होता, त्याने मान हलवली. मी हात वर केला. फर्गसने माझ्याकडे बघितलंच नाही. मी पुन्हा हात वर केला, हलवला. फर्गस म्हणाला, "इकडे माशा फार आहेत साहेब, जरा सावलीत व्हा." ऑक्टोबरात आमच्याकडे माशा इतक्या असतात की उभा माणूस सतत हात हलवत असतो. चाळीस वर्षांच्या अनुभवाने फर्गस हाताला बोली धरतच नाही. मी दोन्ही हात वर केले, तर त्याने कुणालातरी मला पाणी आणून द्यायला सांगितलं.

आकडा माझ्या डोक्यावरून पुढे चालला होता. सासरेबुवांनी कपाळाला हात लावला, स्वतःची रुंद काठाची टोपी काढली आणि माझ्या हातात कोंबली. टोपी वर गेल्याबरोबर फर्गसला मी दिसलो. उंच माणसाने आणखी दोनदा मान हलवली आणि तो सॉसेजच्या रांगेत निघून गेला. मला वाटलं, जिंकलो. पण फर्गस माझ्या मागे कुठेतरी, ट्रॅक्टरच्या बाजूला बघत होता, आणि आकडा पुन्हा वर गेला. मी टोपी वर केली. आकडा वर गेला. मागे वळायचं नाही हा तिसरा नियम मी शेवटपर्यंत पाळला. शेवटी तर मी टोपी खाली घेणंच बंद केलं. ती वर धरून, डोळे मिटून उभा राहिलो. फर्गसने हातोडा आपटला. आकडा मी सांगणार नाही. मर्ललाही मी तो सांगितलेला नाही.

एवढ्यात ट्रॅक्टरमागून मनोलिस घाम पुसत आला. त्याचा चेहरा नियमाप्रमाणे पडलेला होता.

"लायनेल, माफ कर. मर्लने सांगितलं होतं की तुला जमणार नाही, तूच मागून बोली लाव. तिने दिलेल्या आकड्याच्याही पुढे गेलो रे. पण तो ताडमाड माणूस गेला तरी पुढे कोणीतरी गाढव टोपी वर धरून उभं होतं, ट्रॅक्टरआडून मला नुसती टोपी दिसत होती, आणि ते गाढव हटेचना."

मग त्याला माझ्या हातातली टोपी दिसली. आम्ही दोघांनी मिळून टाकी ट्रेलरवर चढवली.

पण रंधा घरी आला होता. सासरेबुवांनी तो संध्याकाळपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. त्यांनी पातं काढून नखावर लावलं, पुन्हा बसवलं, आणि मला दारापाशी उभं केलं. "दाबायचं नाही. त्याला जाऊ दे, तू नुसता सोबत जा." मी सोबत गेलो. दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागदासारखी एकसंध साल निघाली आणि गुंडाळत माझ्या मनगटावर आली. आणखी सहा हात मारले आणि दार बसलं. मर्लने बोटाने ढकलून ते तीन वेळा उघडलं आणि मिटलं. आजवर माझ्या हातून झालेलं एवढं नीट काम मला आठवत नाही, आणि मला फार आनंद झाला हे मी लपवणार नाही.

रविवारी मी टाकी आणि डबे घेऊन कचरा डेपोवर गेलो. टाकी त्यांनी घेतली. डबे घेणाऱ्या माणसाने मात्र त्यांवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, ए. आर. तुम्हीच का. मी नाही म्हटलं. मग डबे तुमचे नाहीत. मी लिलावाची पावती दाखवली. पावतीवर बासष्ट आणि त्रेसष्ट असं होतं, डबे असं नव्हतं. त्यामुळे ए. आर. यांनी, हे डबे आपलेच असून ते टाकून द्यायला आपली हरकत नाही, असं पिवळ्या फॉर्मवर सही करून द्यावं. बत्तीस वर्षं मी लोकांना असे फॉर्म आणायला परत पाठवत आलोय. मी मुकाट्याने चाळीस डबे घेऊन परत आलो.

ही हकिकत मी चहा पिताना रंगवून सांगितली. आल्बीने शेतावरची एक वस्तू छाप मारल्याशिवाय सोडली नाही, म्हटलं, कुत्र्याची ताटलीसुद्धा. मर्ल हसली. सासरेबुवा हसले नाहीत. त्यांनी रंधा जवळ ओढला, भिंग मागवलं आणि तळ, मूठ, पाचर, पातं असं सगळं निरखून बघितलं. रंध्याला लोकरीच्या तेलाचा वास येत होता. गंजाचा ठिपका नव्हता. मुठीवर 'सी. एच.' तेवढं होतं, आणि त्या अक्षरांतली घाण कुणीतरी वेळोवेळी सुईने काढलेली दिसत होती.

मग त्यांनी मला त्यांच्या पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. तळाशी कापडात गुंडाळलेलं एक गिरमिट होतं, लाकडाला भोकं पाडायचं, वाटोळ्या मुठीचं. मुठीवर 'सी. एच.' कोरलेलं होतं. त्या जागी लाकूड जरा खोलगट झालं होतं.

"हे आल्बीचं," सासरेबुवा म्हणाले. "शहात्तर साली आणलं. रंधा देत नाही तर म्हटलं, हे राहू दे आपल्याकडे. आणि त्याची अक्षरं खरवडून काढली."

मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे काही विचारलं नाही. पिवळा फॉर्म खिशात घातला आणि गाडी काढली. सासरेबुवांनी रंधा आणि गिरमिट दोन्ही मांडीवर घेतलं.

आल्बीच्या घरकुलात एक खोली, एक खिडकी आणि अजून न उघडलेली खोकी होती. नोरीन चहा करायला गेली. आल्बीने फॉर्मवर काय लिहिलंय ते न वाचताच सही केली. मग सासरेबुवांनी कापड सोडून गिरमिट टेबलावर ठेवलं. आल्बीने ते उचललं, फिरवलं, मुठीवरची अक्षरं बघितली.

"छान ठेवलंयस. तुझं का?"

"तुझं."

"माझ्या वस्तूवर ए. आर. असतं. यावर नाही."

सासरेबुवांनी मान खाली घातली. त्यांचा एक हात रंध्यावर होता. "मी खरवडलं," ते म्हणाले. "तुझं नाव खरवडून माझं घातलं. आणि तू माझ्या रंध्याला हातसुद्धा लावला नाहीस, म्हणजे लावलास, पण नाव... मी चुकलो रे आल्बी."

"मला माहीत होतं," आल्बी म्हणाला. "एक्क्याऐंशी साली तू माझ्याच शेताचं फाटक याच गिरमिटाने बसवून दिलंस. मीच फळी धरली होती."

"मग तेव्हाच मागायचं होतंस, लेका."

"मागितलं असतं तर तूही रंधा मागितला असतास," आल्बी म्हणाला. "आणि रंधा फार चांगला होता."

सासरेबुवांचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता भांडण होणार. पण ते हसायला लागले, आणि आल्बीही लागला, आणि दोघांना इतका खोकला आला की नोरीन चहा टाकून पाणी घेऊन धावली. खोकला ओसरल्यावर आल्बीने डोळे पुसत सांगितलं की रंधा यादीत त्यानेच मुद्दाम घातला होता. एवढ्या वर्षांनी तो हातात घेऊन आमच्या दारात येववेना. लिलावात क्लॅरी घेईल, दोघांचीही लाज राहील, असं त्याला वाटलं. आकडा इतका चढेल असं वाटलं नव्हतं, आणि टोपीवाला कोण हे त्याला छपराखालून दिसलं नव्हतं. मी ते त्याला सांगितलं नाही.

आम्ही उठलो. आल्बी खिडकीपाशी गेला, तिची खालून वर सरकणारी चौकट ढकलली, ती अर्ध्यावर अडली. त्याने रंध्याकडे बघितलं, मग सासरेबुवांकडे.

"ही जरा घासतेय," तो म्हणाला.

एकोणपन्नास वर्षांत सासरेबुवांनी हे वाक्य स्वतःच किती वेळा म्हटलं असेल. ते रंध्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत उभे राहिले, आणि मी मनात म्हटलं, आता हा पुन्हा जाणार. पण त्यांनी तो आल्बीला दिला नाही. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

"माझ्याकडे काय बघतोस, यालाच विचार," ते आल्बीला म्हणाले. "रंधा आता लायनेलचा आहे."

आल्बी माझ्याकडे वळला आणि त्याने जरा अदबीने विचारलं, शनिवार-रविवारपुरता मिळेल का. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात माझं एखादं हत्यार कुणी उसनं मागायची ही पहिलीच वेळ. मी रंधा हातात तोलून वजन बघितलं, एकदा उजेडासमोर धरला, तळ सरळ आहे का ते बघितलं, आणि देऊन टाकला.